सिंगापूर: बाग उन्हाआधी, खारफुटी भरती पाहून

सिंगापूरचे वनस्पती उद्यान आणि सुंगेई बुलोह हे खारफुटीचे राखीव क्षेत्र एका दिवसात पाहून होईल इतक्याच अंतरावर आहेत. तरीही दोन्ही एकाच दिवशी पाहू नयेत. उद्यान शहरात, ऑर्चर्ड रोडच्या बाजारपेठेपासून जवळ आहे. सुंगेई बुलोह बेटाच्या वायव्येला, मलेशियाच्या जोहोर बाहरू शहरासमोरच्या सामुद्रधुनीच्या काठी. अडचण प्रवासाची नाही, वेळेची आहे. उद्यानातली वेळ ऊन ठरवते, सुंगेई बुलोहमधली भरती-ओहोटी. एकीकडची वेळ साधली की दुसरीकडची बहुधा हुकते. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सहलींमध्ये ऑर्किडच्या बागेला तासभर मिळतो आणि खारफुटी वगळलीच जाते. त्यामुळे हे दोन्ही पाहायचे तर सहलीतला मोकळा दिवस राखून ठेवावा, किंवा मुक्काम वाढवून स्वतंत्रपणे जावे.

नावांचा एक घोटाळा आधीच सोडवलेला बरा. मरिना बे भागात उंच पोलादी ‘झाडे’ आणि काचेची प्रचंड घरे आहेत ती ‘गार्डन्स बाय द बे’. समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवरची ती बाग २०१२ मध्ये खुली झाली. वनस्पती उद्यान म्हणजे ‘सिंगापूर बोटॅनिक गार्डन्स’. ते सध्याच्या जागी १८५९ पासून आहे. टॅक्सीचालकाला नुसते ‘गार्डन’ म्हटले तर पर्यटकाला तो मरिना बेला नेण्याचीच शक्यता जास्त.

सिंगापूरची वसाहत वसवणाऱ्या रॅफल्सने १८२२ मध्ये फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर जायफळ, लवंग अशा मसाल्यांच्या प्रयोगासाठी एक बाग केली होती, पण ती काही वर्षांतच बंद पडली. सध्याचे उद्यान एका कृषी-बागायती मंडळाने सुरू केले आणि १८७४ मध्ये सरकारने ते ताब्यात घेतले. १८७७ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानातून रबराची २२ रोपे येथे आली. त्यांचे बी ब्राझीलहून आणलेले होते. १८८८ मध्ये हेन्री रिडली हा वनस्पतिशास्त्रज्ञ उद्यानाचा प्रमुख झाला. झाड न मारता पुन्हा पुन्हा चीक काढता येईल अशी, सालीवर तिरप्या खाचा घेण्याची पद्धत त्याने बसवली आणि मळेवाल्यांनी रबर लावावे म्हणून तो त्यांच्या मागे लागला. खिशात बिया घेऊन हिंडणाऱ्या या माणसाला लोक ‘वेडा रिडली’ म्हणत. पुढे मोटारींच्या टायरांना रबर लागू लागले आणि मलायाचे अर्थकारणच बदलले. २०१५ मध्ये युनेस्कोने उद्यानाला जागतिक वारसा यादीत घेतले त्यामागे ही कथा आहे. फुलांची शोभा एवढेच कारण नव्हे. उष्ण कटिबंधातले त्या यादीत गेलेले हे पहिले वनस्पती उद्यान.

उद्यान पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत उघडे असते आणि प्रवेश विनामूल्य आहे. तिकीट लागते ते आतल्या राष्ट्रीय ऑर्किड उद्यानाला. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्याने तेथे बारा महिने सकाळी सातच्या आसपास उजाडते आणि संध्याकाळी सातच्या आसपास मावळते. घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. तेथल्या सातला भारतातून नुकत्याच आलेल्या शरीराच्या लेखी पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, म्हणून पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी हा बेत आखू नये. साडेसातला फाटकात शिरावे. दहानंतर पारा तिशीकडे सरकतो. आकडा विदर्भातल्या वाचकाला किरकोळ वाटेल, पण हवेत ओल इतकी असते की घाम अंगावरच राहतो आणि माणूस लवकर थकतो. दुपारी बरेचदा ढग भरून येतात. विजांचा इशारा झाला की मोकळी हिरवळ आणि एकटे झाड सोडून छपराखाली जावे. वादळी सर सहसा लवकर ओसरते, त्यामुळे छत्री बाळगणे पुरते. रेनकोटात उकडून निघायला होते.

उद्यान ८२ हेक्टरांचे असून दक्षिणोत्तर लांबट आहे. आल्या वाटेने परतण्यापेक्षा एका टोकाला शिरून दुसऱ्या टोकाला बाहेर पडावे. त्यासाठी मेट्रोने नेपियर स्थानकावर उतरावे आणि दक्षिणेच्या टँगलिन फाटकातून आत जावे. शेवटी उत्तरेच्या बुकित तिमा फाटकातून बाहेर पडले की बोटॅनिक गार्डन्स स्थानक समोरच असते. तेथून डाउनटाउन मार्गावर तिसरे स्थानक लिटल इंडिया. चालून भूक लागलेल्या शाकाहारी कुटुंबासाठी उद्यानातल्या महागड्या उपाहारगृहांपेक्षा लिटल इंडियातल्या सेरंगून रस्त्यावरच्या खाणावळी बऱ्या. टँगलिनकडून सुरुवात करण्याचे अर्धे कारण हेच.

टँगलिन फाटकाजवळ हंस तलाव आहे आणि जवळच्याच हिरवळीवर टेंबुसूचे एक म्हातारे झाड. पाच डॉलरच्या नोटेवर छापलेले झाड तेच. उभ्या खोल भेगांची काळपट साल आणि जमिनीलगत आडवी पसरून टोकाला पुन्हा वर वळलेली फांदी, यावरून ते लगेच ओळखू येते. फांदीवर बसून फोटो काढण्याचा मोह आता कुंपणाने आवरला आहे. पुढे १९३० चा बँडस्टँड आणि त्याभोवती पिवळसर पानांचे पर्जन्यवृक्ष लागतात. तेथे रेंगाळू नये; या सकाळच्या वेळेचा खरा उपयोग त्यामागच्या रानात आहे.

हे रान सुमारे सहा हेक्टरांचे आहे आणि ते कोणी लावलेले नाही. बाग झाली त्याआधीपासून ते तेथे आहे. आजूबाजूचे बेट मिऱ्याच्या आणि कातडे कमावायला लागणाऱ्या गँबियरच्या मळ्यांसाठी उघडे होत असताना हा तुकडा वाचला. फळीवाटेवरून ते अर्ध्या तासात संपते, पण घाईने गेल्यास नुसता हिरवा अंधार दिसतो. एका जागी थांबून आधी खाली पाहावे. मोठ्या झाडांची मुळे पाखांसारखी भिंती होऊन पसरलेली असतात, कारण पातळ मातीत खोल जाण्यात फायदा नसतो. मग नजर खोडावरून वर न्यावी. पहिली फांदी फार उंचावर फुटलेली असते आणि मधल्या अंतरात वेली, नेचे आणि झाडांवर रुजलेली ऑर्किडे दाटलेली असतात. ऑर्किड उद्यानात कुंडीत दिसणारी फुले निसर्गात कुठे राहतात ते येथे आधी पाहून घेतले म्हणजे पुढचे पाहणे निव्वळ रंग पाहणे राहत नाही.

शेजारीच आल्या-हळदीच्या कुळाची बाग आहे. तेथे मराठी माणसाला ओळखी सापडतात. सोनटक्का, कर्दळ, केळी, वेलदोडा यांचे जातभाई एकेका वाफ्यात उभे असतात आणि त्यांच्या जोडीला मशालीसारखा लाल-गुलाबी तुरा येणारे ‘टॉर्च जिंजर’. त्याची कळी बारीक चिरून तेथले लोक रोजाक नावाच्या मिश्र कोशिंबिरीत घालतात. पामच्या दरीकडे जाताना ‘सराका’ नावाची ओढ्याकाठची वाट लागते. तिच्या काठची झाडे म्हणजे सीतेच्या अशोकाचे भाईबंद; बहर असेल तर खोडालाच फुलांचे गुच्छ लगडलेले दिसतात.

राष्ट्रीय ऑर्किड उद्यानासाठी दीड तास ठेवावा. १९२८ पासून येथे ऑर्किडांचे संकर करण्याचे काम चालते आणि मोठ्या पाहुण्यांचे नाव नव्या संकराला देण्याची प्रथा आहे. नेल्सन मंडेला आणि राजकुमारी डायना यांच्या नावांची ऑर्किडे त्यातलीच. पाट्या वाचत फिरायला गंमत वाटते, पण वेळ त्यातच जातो. दोन गोष्टी चुकवू नयेत. एक, सिंगापूरचे राष्ट्रीय फूल झालेले ‘वांडा मिस जोआकिम’. अ‍ॅग्नेस जोआकिम या आर्मेनियन बाईंच्या बागेतला हा संकर १८९३ मध्ये नोंदला गेला आणि १९८१ मध्ये तो राष्ट्रीय फूल ठरला. दिसायला ते बाकीच्या भपकेबाज संकरांपुढे साधे आहे, फिकट जांभळे. उन्हात भरपूर फुलणे हा त्याचा गुण. दुसरे, उंच डोंगरांवरच्या ढगाळ जंगलातली ऑर्किडे ठेवलेले थंड घर. बाहेरच्या उकाड्यातून आत गेल्यावर आधी गारव्याचेच कौतुक वाटते. तेथली बरीच फुले नखाएवढी असतात, तेव्हा जवळचा चष्मा विसरू नये.

लहान मुले बरोबर असतील तर बुकित तिमा फाटकाकडची जेकब बॅलस बालबाग शेवटी घ्यावी. ती सोमवारी बंद असते, आणि तेथे मूल बरोबर नसलेल्या प्रौढाला प्रवेश नाही.

उद्यानात प्राणीही बरेच दिसतात: पाणकोंबड्या, खारी, रानकोंबडे, तळ्याकाठी पसरलेली घोरपड, क्वचित धनेश, नशीब असेल तर पाणमांजरांचे कुटुंब. ही मऊ केसांची पाणमांजरे कोकणात आणि गोव्यातही आहेत, पण तेथे ती माणसाच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत. सिंगापुरातून ती जवळजवळ नाहीशी झाली होती. नद्या स्वच्छ केल्यानंतर १९९० च्या दशकात ती परतली आणि आता शहरातल्या कालव्यांत दिवसाढवळ्या मासे मारताना दिसतात. पिल्ले बरोबर असली की ती चावायला मागेपुढे पाहत नाहीत, म्हणून अंतर राखावे. कोणत्याही रानटी प्राण्याला किंवा पक्ष्याला खायला घालणे हा २०२० पासून तेथे गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी दंड पाच हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो. पिशवीतला चिवडा कबुतरांपुढे टाकण्याची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सुंगेई बुलोहची गोष्ट वेगळी. तेथे पूर्वी कोळंबीची तळी होती: खाडीलगत बांध घालून, उघडझाप करता येणारी दारे बसवून भरतीचे पाणी आत घेतलेली. कोकणातल्या खारजमिनीचे बांध आणि उघाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. १९८६ मध्ये हौशी पक्षिनिरीक्षकांना या तळ्यांवर स्थलांतरित पक्ष्यांचे मोठाले थवे आढळले आणि त्यांनी सरकारकडे जागा राखण्याची मागणी केली. १९९३ मध्ये ती निसर्गोद्यान म्हणून खुली झाली, २००२ मध्ये कायद्याने राखीव क्षेत्र ठरली. बांध आणि दारे अजून आहेत. फरक इतकाच, की आता तळ्यातले पाणी पक्ष्यांच्या सोयीने कमी-जास्त केले जाते.

भेटीची वेळ ठरवायची ती याच रचनेवरून. ओहोटीला सामुद्रधुनीचा चिखल उघडा पडतो आणि टिलवे, चिखल्या, तुतवार असे पाणकाठचे पक्षी तेथे दूरवर पांगून किडे, गांडुळे, शिंपले वेचतात. दुर्बिणीतूनही ते ठिपक्यांएवढेच दिसतात. भरतीने चिखल झाकला की त्यांना बसायला जागा उरत नाही आणि ते थव्याने आत, राखलेल्या उथळ तळ्यांवर येतात. म्हणजे पक्षी पाहायचे असतील तर पूर्ण भरतीच्या तासभर आधी लपणगृहात, म्हणजे पक्षी पाहण्यासाठी केलेल्या आडोशात, जाऊन बसावे. चिखलातली निवटी, खेकडे आणि काठावर ऊन खाणारी मगर पाहायची असेल तर ओहोटी बरी. दोन्ही हवे असेल तर भरतीला पोहोचून पाणी उतरेपर्यंत थांबावे. चार तास पुरतात. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा कोकणी हिशेब मात्र येथे चालत नाही, कारण तो आपल्या किनाऱ्याचा आहे. सिंगापूरचे वेळापत्रक आंतरजालावर पाहून घ्यावे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची उधाणाची भरती पक्ष्यांसाठी सर्वांत चांगली हे तेथेही खरे.

स्थलांतरितांचा हंगाम सप्टेंबर ते मार्च. सैबेरियाच्या बाजूने निघून ऑस्ट्रेलियापर्यंत जाणारे थवे येथे उतरतात, काही हिवाळाभर राहतात. तांबड्या पायांचा टिलवा, खाली वाकलेल्या लांब चोचीचा व्हिंब्रेल आणि सोनचिखल्या हे नवशिक्यालाही ओळखता येतात. नोव्हेंबर ते जानेवारी पावसाचे महिने आहेत, सप्टेंबर-ऑक्टोबरात कधी सुमात्रातल्या वणव्यांचा धूर येतो. तेव्हा निवड हाती असेल तर फेब्रुवारी घ्यावा. एप्रिल ते ऑगस्टमध्ये गेल्यास हे पाहुणे नसतात, पण बगळे, खंड्या, ब्राह्मणी घार आणि समुद्र गरुड असतातच.

खारफुटीतल्या फळीवाटेवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. तिवर, कांदळ, चिपी, झुंबर यांचे जातभाई तेथे एकमेकांना खेटून उभे असल्याने फरक समजायला सोपे जाते. कांदळाची मुळे खोडातून कमानीसारखी सुटून चिखलात रोवलेली, तिवराची पेन्सिलींच्या टोकांसारखी खालून वर आलेली, झुंबराची गुडघ्यासारखी वाकलेली. तिन्हींचे काम एकच: हवा नसलेल्या चिखलात मुळांपर्यंत हवा पोहोचवणे. तिवराचे पान न तोडता खालून पाहावे. कोरड्या सकाळी त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. झाड शोषलेले मीठ असे बाहेर टाकते. कांदळाच्या फांदीला शेंगेसारखे लोंबणारे हिरवे दांडके हे फळ नसून झाडावरच रुजलेले रोप असते. खाली चिखलात वारुळासारखे ढीग दिसले तर ते मुंग्या-वाळवीचे नव्हेत. चिखलात राहणारा एक शेवंड्याचा नातलग रात्री खालची माती वर आणून टाकतो. कठड्याशी पाच मिनिटे हालचाल न करता उभे राहिले की निवट्या बिळातून बाहेर येतात, कल्ल्यांत पाणी धरून पुढच्या परांवर खुरडत जातात आणि मध्येच पाठीवरचा पर शिडासारखा ताठ उभारून शेजाऱ्याला दटावतात. एक डेंगा भलामोठा असलेला नर खेकडा तो डेंगा हलवत मादीला खुणावत असतो. पावलांच्या दणक्याने हे सारे पुन्हा बिळात जाते, म्हणून मोठ्या गटाने जाऊ नये.

मुख्य पुलावर थांबून पाण्यात तरंगणारे ओंडके नीट पाहावेत. त्यांतला एखादा मगर असतो. वाशिष्ठीत चिपळूणकरांना दिसते ती दलदलीतली मगर. येथली खाऱ्या पाण्यातली असून आकाराने मोठी आणि स्वभावाने अधिक धोकादायक आहे. वाट सोडून काठावर उतरू नये, मुलांना कठड्यावर बसवू नये. पोहणारे प्रत्येक जनावर मगर नसते. लांब मान आणि डोके पाण्यावर धरून, दुभंगलेली जीभ आतबाहेर करत जाते ती घोरपड. मगरीचे फक्त डोळे, नाकपुड्या आणि पाठीचे खवले वर दिसतात. रस्त्यावर पसरलेली घोरपड वाट अडवून बसली तर थांबावे, ती आपणहून जाते. माकडे प्लास्टिकच्या पिशवीला खाण्याची पिशवी समजतात; डबा पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावा आणि माकडाकडे दात दाखवून हसू नये, त्यांच्या भाषेत ते आव्हान असते.

क्रांजी मेट्रो स्थानकाबाहेरून ९२५ क्रमांकाची बस मिळते. ती कोणत्या थांब्यापर्यंत जाते हे वारानुसार बदलते, त्यामुळे चढताना चालकाला विचारावे. क्षेत्राला दोन प्रवेश आहेत. पूर्वेच्या अभ्यागत केंद्राकडून शिरल्यास किनाऱ्याची वाट चालत पश्चिमेच्या पाणथळ केंद्राकडे जाता येते आणि मुख्य पूल, लपणगृहे व सुमारे दोन किलोमीटरची स्थलांतरित पक्ष्यांची वाट तेथे आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी पश्चिमेकडूनच शिरावे. प्रवेश येथेही विनामूल्य आहे. खाण्याची सोय नाही म्हणावी इतकी कमी, म्हणून माणशी किमान लिटरभर पाणी बरोबर घ्यावे. डासांसाठी मलम आणि लांब बाह्यांचा फिकट सुती शर्ट आवश्यक. सिंगापुरात डेंग्यू असतो. आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरे, त्याहून मोठी हातात थरथरते. पाळीव प्राणी, सायकल आणि ड्रोन नेता येत नाहीत. फाटक सकाळी सातला उघडते आणि संध्याकाळी सातला, म्हणजे मावळतानाच, बंद होते; बस दाट नसल्याने सहाच्या सुमारास परतीला लागावे.

हाताशी एकच सकाळ असेल तर निवड महिन्यावर आणि भरतीवर सोडावी. सप्टेंबर ते मार्चमध्ये सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान पूर्ण भरती येत असेल तर सुंगेई बुलोह. एरवी उद्यान. चांगी विमानतळावर विमान बदलताना मधले सहा-सात तास मोकळे मिळाले आणि व्हिसा असला तर उद्यानच बरे, आणि तेही रान, आल्याची बाग व ऑर्किडे एवढेच.